फॉरवर्डमधला धूमकेतू आणि दिवाळीत खरोखर आलेला धूमकेतू

गेल्या चार महिन्यांत बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीनच विषय चालले: पार्किंग, पाण्याची वेळ आणि ३आय/अ‍ॅटलस. पहिले दोन सुटणारे नाहीत, म्हणून तिसऱ्याबद्दल लिहितोय.

फॉरवर्ड तुमच्याकडेही आले असणार. 'नासा फोटो लपवतंय', 'त्यातून रेडिओ सिग्नल आला', 'त्याने इंजिन चालू करून दिशा बदलली', 'पृथ्वी वाचवणारी यंत्रणा सज्ज केली' आणि शेवटी '१९ डिसेंबरला पृथ्वीच्या सर्वात जवळ!' आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला अगदी गंभीरपणे विचारलं, की मुलीचं १९ तारखेचं विमानाचं तिकीट पुढे ढकलू का. बदलायला साडेचार हजार लागणार होते. म्हणजे हा नुसता टाइमपास राहिलेला नाही, लोक यावरून पैशांचे निर्णय घ्यायला लागलेत.

यातला प्रत्येक फॉरवर्ड एका खऱ्या बातमीवर उभा आहे. फोटो खरंच उशिरा आले. रेडिओ दुर्बिणीला खरंच काहीतरी सापडलं. मार्ग खरंच किंचित हलला. त्यामुळे 'सगळं फेक आहे' म्हणून हात झटकले, तर समोरचा खरी लिंक काढून दाखवतो आणि आपणच तोंडावर पडतो. खरी गोष्ट काय होती आणि ती नेमकी कुठे वाकवली, हे सांगता यायला हवं. त्यासाठी आधी हे बर्फाचे गोळे राहतात कुठे, ते बघू.

सूर्य चर्चगेटला, नेपच्यून बोरिवलीला

सूर्य चर्चगेटला ठेवा आणि सगळ्यात बाहेरचा ग्रह नेपच्यून बोरिवलीला. रेल्वेने हे अंतर साधारण ३४ किलोमीटर. या नकाशावर पृथ्वी येते मरीन लाइन्सच्या थोडी अलीकडे, गुरू महालक्ष्मीला, शनी दादर सोडल्यावर आणि युरेनस बरोबर अंधेरीला. (सेंट्रलवाल्यांनी रागावू नये, स्टेशनं इकडेच नीट जुळतात.)

आता बोरिवलीच्या पुढे काय? पूर्वी पुस्तकात बोरिवलीला गाडी रिकामी व्हायची, प्लूटो तेवढा एकटा पुढे भाईंदरकडे बसलेला असायचा. १९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना हवाईतल्या दुर्बिणीतून प्लूटोच्या पलीकडे एक लहानसा बर्फाळ गोळा सापडला, आणि मग सापडतच गेले. आज असे पाच हजारांच्या आसपास माहीत आहेत. बोरिवलीपासून नालासोपाऱ्यापर्यंतची ही जी वस्ती, तिला कायपर पट्टा म्हणतात. प्लूटो तिथलाच एक रहिवासी. २००६ मध्ये त्याचं ग्रहपद गेलं, त्याचं खरं कारण हेच: शेजारी सापडले.

त्याच्याही पलीकडे ऊर्ट मेघ. तो आपल्या नकाशावर विरार-डहाणूलाही मावत नाही. त्याची सुरुवातच दोन-अडीच हजार किलोमीटरवर होते आणि बाहेरची कड लाखभर किलोमीटरवर जाते. लांबून येणारे धूमकेतू तिथले. सूर्यमाला तयार होताना गुरू-शनीसारख्या मोठ्या ग्रहांनी जो बर्फाळ उरलासुरला माल भिरकावून दिला, त्यातला काही तिथे अडकला. बराचसा मात्र कायमचा सूर्याच्या हातातून सुटला आणि ताऱ्यांच्या मधल्या अंधारात निघून गेला.

आपल्या सूर्याने असं केलं, तर दुसऱ्या ताऱ्यांनीही केलं असणारच. ३आय/अ‍ॅटलस म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याच्या विरारचा सुटलेला प्रवासी. '३आय' याचा अर्थच बाहेरून आलेला तिसरा. पहिला २०१७ चा ओमुआमुआ, दुसरा २०१९ चा बोरिसोव्ह. तिसरा १ जुलै २०२५ ला चिलीमधल्या अ‍ॅटलस दुर्बिणीला दिसला, तेव्हा तो आपल्या नकाशावर मुंबई सेंट्रल आणि महालक्ष्मीच्या मध्ये होता.

बाहेरून आला हे कळलं कसं?

हा प्रश्न मला आवडतो, कारण याचं उत्तर अकरावीच्या फिजिक्समध्ये आहे. सूर्यापासून अमुक अंतरावर असलेल्या वस्तूचा वेग एका मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर सूर्य तिला धरून ठेवू शकत नाही. २९-३० ऑक्टोबरला हा धूमकेतू सूर्याच्या सर्वात जवळ होता, सुमारे २० कोटी किलोमीटरवर. तिथे सुटकेचा वेग येतो सेकंदाला ३६ किलोमीटर. याचा वेग होता ६८. फोनचा कॅल्क्युलेटर उघडा: ६८ चा वर्ग वजा ३६ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. उत्तर ५८ च्या जवळ येतं. सूर्याने वाढवलेला वेग काढून टाकला, तरी याच्याकडे सेकंदाला ५८ किलोमीटर स्वतःचे शिल्लक राहतात. आपल्या सूर्यमालेत जन्मलेल्या धूमकेतूकडे ही शिल्लक जवळजवळ शून्य असते.

आणि हे आकडे एका संस्थेच्या तिजोरीत नाहीत. जगभरच्या वेधशाळा आणि हौशी निरीक्षक 'या क्षणी तो आकाशात इथे दिसला' अशा नोंदी मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवतात. त्या नोंदी कोणीही डाउनलोड करू शकतो. मी त्या एका शनिवारी उतरवून घेतल्या. साधी टेक्स्ट फाइल आहे, एका ओळीत एक नोंद, प्रत्येक ओळीच्या शेवटी वेधशाळेचा कोड. ती स्क्रोल करत गेलात तरी किती वेगवेगळे कोड येतात ते दिसतं. एक संस्था लपवेल हो, पण एवढ्या सगळ्यांनी मिळून एकच खोटी कक्षा लिहायची, तीही दर रात्री एकमेकांशी जुळवून? आमच्या ऑफिसात चार टीमना एक एक्सेल जुळवता येत नाही.

लपवलेले फोटो

२ आणि ३ ऑक्टोबरच्या सुमारास हा धूमकेतू मंगळापासून सुमारे ३ कोटी किलोमीटरवरून गेला. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानाने फोटो काढले. पण १ ऑक्टोबरपासून अमेरिकेच्या सरकारचं शटडाऊन सुरू झालं होतं, ते १२ नोव्हेंबरपर्यंत चाललं. फोटो १९ नोव्हेंबरला आले. मधले दीड महिने यूट्यूबची दिवाळी झाली.

आता बाकीच्या तारखा बघा. युरोपच्या अंतराळ संस्थेने आपल्या मंगळयानाचे फोटो ७ ऑक्टोबरलाच प्रसिद्ध केले होते, म्हणजे शटडाऊन चालू असतानाच. चीनच्या तिआनवेन-१ यानाचे फोटो नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. आपल्याकडे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीतून १२ ते १५ नोव्हेंबरला निरीक्षणं घेतली आणि इस्रोने ती जाहीर केली. त्यात नेहमीच्या धूमकेतूंमध्ये सापडतात तेच कार्बनचे आणि सायनोजेनचे रेणू दिसले. फॉरवर्ड करणाऱ्या एकानेही माउंट अबूचा फोटो टाकला नाही. तो कंटाळवाणा होता, धूसर गोल ठिपका. खऱ्या धूमकेतूचे फोटो बहुतेक तसेच असतात.

त्याऐवजी फिरले एआयने बनवलेले व्हिडिओ, प्रसिद्ध शास्त्रज्ञांचा चेहरा आणि आवाज लावलेले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्स यांना तर 'तो मी नाही' असं जाहीर सांगावं लागलं. हार्वर्डचे अवी लोएब यांचं नाव सगळ्यात जास्त वापरलं गेलं. हे यान असू शकतं का, हा प्रश्न त्यांनी खरंच मांडला होता. पण जुलैमधल्या त्याच लेखात, ही पूर्णपणे नैसर्गिक वस्तू, बहुधा धूमकेतूच, असण्याची शक्यता सर्वात जास्त आहे, असंही म्हटलं होतं. व्हिडिओ बनवताना ते वाक्य कापलं गेलं. प्रश्न विचारल्याबद्दल माझी लोएब यांच्यावर तक्रार नाही, पण आपल्या वाक्याचं पुढे काय होतंय हे दिसत असूनही ते रोज नवं वाक्य पुरवत राहिले, हे मला पटलं नाही.

सिग्नल आला नाही, गिळला गेला

सगळ्यात जास्त गोंधळ रेडिओचा झाला. २४ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीला ३आय/अ‍ॅटलसच्या दिशेने १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झवर काहीतरी सापडलं. बातमीचा मथळा 'पहिला रेडिओ सिग्नल'. बस, एवढं पुरलं.

मीरकॅटला दिसलं ते शोषण. मागून येणारा रेडिओ प्रकाश बरोबर त्या दोन फ्रिक्वेन्सींवर थोडा कमी पडत होता. कोणीतरी मधे उभं राहून तेवढाच भाग गिळत होतं. तो गिळणारा म्हणजे हायड्रॉक्सिल, एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन. पाण्याच्या वाफेवर सूर्याचे अतिनील किरण पडले की रेणू तुटतो आणि हा तुकडा उरतो. बर्फाची वाफ होते आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधून सापडणार नाही, आणि नेमका तोच परग्रहवासीयांच्या नावावर लागला. शोषण कुठल्या फ्रिक्वेन्सीवर होणार हे निसर्गाने आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या फोनचा ४जी १८०० मेगाहर्ट्झच्या बँडवर चालतो, तो आकडा माणसांनी करार करून ठरवला. १६६५ आणि १६६७ कोणी ठरवलेले नाहीत, ते त्या रेणूचे बोटांचे ठसे आहेत.

आपल्या नारायणगावजवळ, खोडदला, ४५ मीटरच्या ३० अँटेनांची जीएमआरटी आहे. मग तिने का नाही ऐकलं, असं मला एका कॉलेजच्या मुलाने विचारलं. छान प्रश्न. जीएमआरटी कमी फ्रिक्वेन्सीसाठी बांधलेली आहे, ती साधारण १४५० मेगाहर्ट्झला थांबते. १६६५ तिच्या कानाच्या वर जातं. आणि खरोखरचा कृत्रिम सिग्नल शोधायचा प्रयत्नही झाला: डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक दुर्बिणीने याच्याकडे कान लावला. काही सापडलं नाही.

इंजिन बर्फाचं

मार्ग बदलल्याचा फॉरवर्डही असाच अर्धा खरा. फक्त गुरुत्वाकर्षण धरून गणित केलं, तर धूमकेतू गणितापेक्षा किंचित वेगळ्या जागी सापडतो. पण हे दीडदोनशे वर्षांपासून माहीत आहे. एन्के नावाचा धूमकेतू दर फेरीला ठरल्या वेळेपेक्षा जरा लवकर यायचा. १९५० मध्ये फ्रेड व्हिपल यांनी कारण सांगितलं: धूमकेतू हा धूळ मिसळलेल्या बर्फाचा गोळा आहे. उन्हाची बाजू तापते, तिथून वायूचे फवारे सुटतात आणि गोळा उलट्या बाजूला ढकलला जातो. फुगवून सोडलेला फुगा खोलीभर भिरभिरतो, तेच. फक्त इथे गोळा काही अब्ज टनांचा असू शकतो, त्यामुळे धक्का जेमतेम मोजता येतो इतकाच.

३आयमध्ये एक गोष्ट मात्र खरंच वेगळी आहे. ऑगस्टमध्ये जेम्स वेब दुर्बिणीने बघितलं तेव्हा वाफेच्या मानाने त्यातून कार्बन डायऑक्साइड सुमारे आठपट निघत होता. आपल्याकडच्या धूमकेतूंमध्ये एवढं प्रमाण सहसा दिसत नाही. तो जास्त थंड जागी जन्मला असेल, किंवा कोट्यवधी वर्षं ताऱ्यांच्या मधल्या किरणोत्सर्गात भाजून त्याची वरची साल बदलली असेल. यावर खरा वाद चालू आहे आणि तो कुठल्याही एलियनपेक्षा मजेदार आहे. दुसऱ्या ताऱ्याच्या दारातला बर्फ आपण पहिल्यांदाच इतक्या बारकाईने तपासतोय.

राहिली 'पृथ्वी वाचवणारी यंत्रणा'. आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने २७ नोव्हेंबर ते २७ जानेवारी या काळात ३आयच्या निरीक्षणांची मोहीम ठेवली, हे खरं. ती सरावाची मोहीम आहे. धूमकेतू पसरट, धूसर दिसतो, त्यामुळे त्याचा मध्यबिंदू अचूक मोजणं अवघड जातं. ती कसरत करायला हा चांगला नमुना मिळाला, एवढंच.

आणि काकूंची १९ डिसेंबर? त्या दिवशी अंतर होतं सुमारे २७ कोटी किलोमीटर, चंद्राच्या सातशे पट. पुन्हा आपल्या नकाशावर या. मरीन लाइन्सला पृथ्वी मोठ्या मोसंबीएवढी आहे. चंद्र तिच्यापासून तीन मीटरवर. हबल दुर्बिणीच्या मोजमापानुसार ३आयचा गाभा फार तर साडेपाच किलोमीटरचा, म्हणजे नकाशावर केसाच्या जाडीपेक्षाही बारीक धुळीचा कण. तो कण मोसंबीपासून दोन किलोमीटरवरून गेला. मुलगी ठरल्या दिवशी गेली, साडेचार हजार वाचले.

आणि डोक्यावर खराखुरा धूमकेतू होता

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. ३आय नुसत्या डोळ्यांना कधीच दिसणार नव्हता. पण ऐन दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, सी/२०२५ ए६ लेमन हा आपल्याच सूर्यमालेतला धूमकेतू पृथ्वीपासून ९ कोटी किलोमीटरवर होता आणि संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. काळोख्या गावातून दुर्बीण न लावताही. अमावस्या होती, चंद्राचा त्रास नाही. मागच्या वेळी तो आला होता साडेतेराशे वर्षांपूर्वी, म्हणजे मराठी ही भाषा जेमतेम आकार घेत होती तेव्हा. ग्रुपवर त्याचा एकही मेसेज नव्हता.

बोरिवलीच्या गच्चीवरून तो दिसला नाही, हेही खरं. दिवे, वर फटाक्यांचा धूर. दोन संध्याकाळी ढगांत गेल्या. मग आम्ही तिघे बोटीने गोराईला गेलो, किनाऱ्यावर फोन ट्रायपॉडला लावला, प्रो मोडमध्ये १० सेकंदांचं एक्स्पोजर ठेवलं, आयएसओ १६००, फोकस अनंतावर. वीस फोटो काढले. एका फोटोत हिरवट डाग आहे की नाही यावर भांडण झालं. वीसही फोटो एकावर एक जुळवले तेव्हा भांडण मिटलं, डाग होता आणि त्याला आखूड शेपूटही होती.

तुमच्या फोनचा नाइट मोड हेच करतो. एकाच दृश्याचे अनेक फोटो काढतो, हाताची थरथर मोजून ते जुळवतो आणि सरासरी घेतो. सेन्सरचा खरखरीत नॉइज प्रत्येक फोटोत वेगळा असतो, तो पुसला जातो, खरा प्रकाश राहतो. कायपर पट्ट्यातले गोळे शोधतानाही मूळ युक्ती तीच, फक्त एक बदल. फोटो ताऱ्यांवर न जुळवता, 'गोळा या वेगाने या दिशेला सरकत असेल तर' असं धरून सरकवत जुळवायचे. अंदाज बरोबर आला, तर तारे रेघा होतात आणि एका फोटोत अजिबात न दिसणारा गोळा ठिपका बनून वर येतो. चुकला तर पुढचा अंदाज. असे लाखो अंदाज संगणक तपासतो.

हे काम फक्त अमेरिका-चिलीत चालतं असंही नाही. पवईच्या आयआयटीतला कुणाल देशमुख हा विद्यार्थी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका दुर्बिणीचे रोजचे फोटो तपासत होता. त्यात त्याला २०२० क्यूजी सापडला. हा बर्फ नाही, दगड होता, मोटारीएवढा. १६ ऑगस्टला तो हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून गेला, आणि दुर्बिणीने टिपला तो गेल्यावर सहा तासांनी. त्याचा फॉरवर्ड कोणाला आठवतोय? त्याच आयआयटीची आणि बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची ७० सेंटिमीटरची रोबोटिक दुर्बीण लडाखमध्ये हानले इथे आहे, ती अशाच बदलणाऱ्या, सरकणाऱ्या गोष्टींवर नजर ठेवते.

पुढच्या काही वर्षांत हे फॉरवर्ड वाढणार आहेत, कारण सापडणाऱ्या वस्तूच वाढणार आहेत. चिलीतली रुबिन वेधशाळा ३,२०० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काही रात्रींत अख्खं दक्षिण आकाश टिपेल आणि दहा वर्षं तेच करत राहील. रात्रीला २० टेराबाइट डेटा. नेपच्यूनपलीकडचे पाच हजार गोळे चाळीस हजारांच्या घरात जातील असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ३आय तर तिच्या चाचणीच्या फोटोंत, शोध लागायच्या दहा दिवस आधीच येऊन गेला होता. नंतर शोधल्यावर दिसला.

आपल्याकडे जुनी माणसं धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हणत आणि त्याच्यामागून युद्ध नाहीतर राजाचा मृत्यू येतो असं धरत. जयंत नारळीकरांच्या 'धूमकेतू' या कथेत एकीकडे शास्त्रज्ञ धूमकेतू अडवायच्या मागे असतात आणि दुसरीकडे घरात शांती चालू असते. गेल्या मे महिन्यात नारळीकर गेले. यंदाचे फॉरवर्ड त्यांनी वाचले असते तर काय म्हणाले असते, हे मला राहून राहून वाटतं.

फॉरवर्डची पुढची तारीख आत्ताच सांगून ठेवतो: १६ मार्च. त्या दिवशी ३आय गुरूपासून सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवरून जाईल. आपल्या नकाशावर महालक्ष्मी स्टेशनपासून चारशे मीटर. 'गुरूला भेटायला निघालं यान' असे व्हिडिओ तयारच असतील. तुम्ही जेपीएल हॉरायझन्स ही साइट उघडा, धूमकेतूचं नाव टाका, ठिकाण मुंबई निवडा, तारीख टाका. फोनवरही चालते, लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. तो आकाशात कुठे असेल, किती अंतरावर, किती वेगाने जात असेल, सगळे आकडे येतात. मार्चमध्ये गुरू संध्याकाळी मिथुन राशीत चांगला वर असेल, अंधेरीच्या गच्चीवरूनही दिसेल. ३आय त्याच्या आसपास असेल, पण इतका मंद, की त्याला बघायला मोठी दुर्बीण लागेल.